एवढा राग आहे तर सगळ्यांकडे त्याच सायकली कशा?

आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये एक न ठरवता ठरलेला नियम आहे, चढावर ब्रँडचा विषय काढायचा नाही. चढायलाही दम लागतो आणि भांडायलाही, दोन्ही एकदम झेपत नाही. वर पोचलो, पाणी प्यायलो, कुणीतरी पिशवीतून खजूर काढले की मग कुणीतरी काडी टाकतंच, आणि पुढचा अर्धा तास मोठ्या सायकल कंपन्यांवर, स्पेशलाइज्ड कशी लुटते, ट्रेकने कसं सगळ्यांना गिळलं, सँटा क्रूझ फक्त डेंटिस्ट लोक घेतात (हा इकडचा जुना जोक आहे, महागडी सायकल आणि हळू चालवणारा मालक दिसला की तो डेंटिस्टच असणार असं धरून चालतात, आमच्यात एक खराखुरा डेंटिस्ट आहे आणि तो बिचारा सेकंडहँड सायकल चालवतो) असं सगळं चालतं. एवढं बोलून झाल्यावर जरा आजूबाजूला बघावं तर आडव्या टाकलेल्या सायकलींपैकी निम्म्यांवर तोच स्पेशलाइज्डचा एस.

मी मूळची पुण्याची, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात सॅन होजेत. स्पेशलाइज्डचं हेडऑफिस मॉर्गन हिलला, १०१ हायवेने दक्षिणेला गेलं की अर्धा तास, त्यामुळे ही कंपनी आमच्यासाठी तशी गाववालीच. म्हणून आज जास्त तिच्याबद्दलच लिहिणारे, बाकीचे मधेमधे येतील. हे लिहायला बसायचं कारण म्हणजे भाच्याचा मेसेज, आत्या एमटीबी (म्हणजे माउंटन बाइक) घ्यायचीय, कुठला ब्रँड चांगला आणि कुठले चोर आहेत ते सांग. म्हटलं बाळा, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत रे.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा राग कळत नाही. स्पेशलाइज्ड काढली ती माइक सिन्यार्डने, सॅन होजे स्टेटमध्ये शिकलेला मुलगा, पैसे नाहीत, फ्ली मार्केटमधून जुन्या सायकली घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या असं करत कॉलेज केलेला. त्याने आपली फोक्सवॅगन व्हॅन १५०० डॉलरला विकली, युरोपात सायकलवर फिरला, इटलीत चिनेल्लीचे हँडलबार आणि स्टेम विकत घेतले आणि इकडे आणून दुकानदारांना विकायला लागला. ही १९७४ ची गोष्ट. तेव्हा इथल्या सायकलवेड्यांना चांगला इटालियन माल मिळत नव्हता आणि हा दारात आणून देत होता, त्यामुळे सुरुवातीला कंपनी म्हणजे आपल्यातलाच एक पोरगा होता.

त्याच सुमारास गोल्डन गेटच्या पलीकडे मरिन काउंटीत वेगळाच उद्योग चालू होता. माउंट टॅम डोंगराच्या बाजूला फेअरफॅक्सजवळ एक कच्चा रस्ता आहे, रिपॅक म्हणतात त्याला, साधारण दोन मैलांत १३०० फूट खाली. काही वेडी मंडळी तीस-चाळीस वर्षं जुन्या श्विन सायकली, जाड टायरवाल्या, वजन विचारू नका, वर ढकलत न्यायची आणि खाली सोडायची. त्या सायकलींना उलटं पेडल मारायचे कोस्टर ब्रेक, खाली येईपर्यंत हबमधलं (चाकाच्या मधल्या भागातलं) ग्रीस जळून धूर निघायचा, मग हब खोलून परत ग्रीस भरायचं, म्हणून ते नाव. ऑक्टोबर १९७६ मध्ये तिथे पहिली घड्याळ लावून रेस झाली. पुढच्या वर्षी जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली, मग टॉम रिचीने फ्रेमा बांधायला घेतल्या आणि १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली त्या फ्रेमांवर सायकली जोडून विकायला लागले. कंपनीचं नाव त्यांनी ठेवलं चक्क माउंटनबाइक्स. एका सायकलची किंमत तेराशे डॉलरच्या घरात, तेव्हाचे तेराशे!

सिन्यार्डने रिचीच्या अशा चार सायकली विकत घेतल्या आणि जपानला पाठवल्या. १९८१ मध्ये स्टम्पजंपर आली, जपानमध्ये बनलेली, किंमत ७५० डॉलर. मोठ्या संख्येने फॅक्टरीत बनलेली पहिली माउंटन बाइक म्हणून आज ती स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे.

झालं, भांडण इथूनच सुरू होतं. एक पार्टी म्हणते त्याने सरळसरळ कॉपी मारली, घाम दुसऱ्यांचा आणि पैसा याचा. दुसरी पार्टी म्हणते तो नसता तर हा खेळ मरिनमधल्या शंभर-दोनशे लोकांच्या गॅरेजमध्येच राहिला असता, साध्या नोकरदार माणसाला तेराशेची सायकल परवडली नसती. मला विचाराल तर दोन्ही खरंय आणि मला दुसरी बाजू थोडी जास्त पटते, कारण मी त्या साध्या नोकरदारांपैकीच आहे. शिवाय रिची काय बुडाला नाही, त्याच्या नावाचे पार्ट अजून लोक प्रेमाने लावतात. फिशर आणि केलीला मात्र आपल्या कंपनीच्या नावाचा ट्रेडमार्क काही मिळवता आला नाही, ते नाव सगळ्या जगाचं झालं, कुणीही माउंटन बाइक बनवावी आणि माउंटन बाइक म्हणून विकावी. ही गोष्ट लक्षात ठेवा.

कारण जी कंपनी अशा मोकळ्या रानात वाढली तिनेच पुढे कुंपणं घालायला घेतली.

२०१३ चा डिसेंबर. कॅनडात आल्बर्टामधे कॉक्रन नावाच्या छोट्या गावात एक सायकलचं दुकान, कॅफे रूबे. मालक अफगाणिस्तानात जाऊन आलेला माजी सैनिक, दुकान एवढंसं. स्पेशलाइज्डची एक रोड बाइक आहे रूबे नावाची, त्यामुळे वकिलांचं पत्र, नाव बदला. अहो रूबे हे फ्रान्समधलं गाव आहे, शंभर वर्षांहून जुनी पॅरिस-रूबे रेस त्याच नावाची! तर त्या माणसाने हे पेपरवाल्यांना सांगितलं आणि दोन दिवसांत जगभरातले सायकलवाले कंपनीच्या अंगावर धावून गेले. त्यात खरी मजा पुढे, फुजी ब्रँड तेव्हा ज्यांच्याकडे होता त्या एएसआय कंपनीने सांगितलं की ते नाव मुळात आमचं आहे, स्पेशलाइज्डला आम्हीच २००३ पासून वापरायला दिलंय, आणि त्या दुकानदाराने ते नाव वापरायला आमची काही हरकत नाही. म्हणजे भाडेकरूच शेजाऱ्याला घर खाली कर म्हणत होता. शेवटी सिन्यार्ड स्वतः त्या दुकानात गेला, माफी मागितली, त्याचा व्हिडिओ आला, प्रकरण मिटलं.

मिटलं म्हणजे कागदावर. लोकांच्या डोक्यातून नाही गेलं, कारण ते काही पहिलं नव्हतं. त्याच्या आधी व्होलागी नावाच्या छोट्या कंपनीवर केस टाकली होती, ती काढणारे दोघं स्पेशलाइज्डचेच जुने कर्मचारी, आरोप असा की आमच्याकडे असताना आमच्या कल्पना घेऊन गेलात. २०१२ मध्ये ज्युरीने निकाल दिला, नुकसानभरपाई एक डॉलर. एक! कायद्याने जिंकले आणि त्या एका डॉलरचा जोक अजून चालू आहे.

आता वकिलांचा विषय निघालाच आहे तर एफएसआरचं, म्हणजे स्पेशलाइज्डच्या मागच्या सस्पेन्शनचं, पण सांगते, कारण हे प्रकरण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं आणि इथे माझं मत दोन्ही बाजूंना आहे. मागच्या चाकाला सस्पेन्शन द्यायचं तर अडचण अशी असते की ब्रेक दाबला की सस्पेन्शन आखडतं, नेमकं दगडांवर जिथे ते हलायला हवं तिथेच. होर्स्ट लाइटनर नावाच्या ऑस्ट्रियन डिझायनरने, मूळचा मोटोक्रॉसवाला, यावर उपाय काढला. मागच्या एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) जरासा पुढे, खालच्या दांडीवरच एक सांधा दिला, त्यामुळे एक्सल आणि ब्रेक दोन्ही वेगळ्या दांडीवर गेले आणि ब्रेकचा जोर सस्पेन्शनवर तेवढा येईना. याला होर्स्ट लिंक म्हणतात. हे पेटंट स्पेशलाइज्डने १९९८ मध्ये विकत घेतलं. चोरलं नाही, पैसे मोजून घेतलं. मग अमेरिकेत ज्याला ही रचना वापरायची त्याने एकतर लायसन्स घ्या नाहीतर वेगळं काहीतरी शोधा. युरोपात पेटंट लागू नव्हतं म्हणून क्यूब, कॅन्यन वगैरे जर्मन कंपन्या तिकडे तीच रचना बिनधास्त विकायच्या, पण इकडे आणता यायच्या नाहीत. पेटंट २०१३ मध्ये संपलं आणि बघता बघता अर्ध्या जगाच्या सायकलींना तोच सांधा आला.

तर लोक म्हणतात पंधरा वर्षं अडवून ठेवलं. खरंय. पण दुसऱ्यांना ती वाट बंद झाली म्हणूनच सँटा क्रूझने व्हीपीपी नावाच्या वेगळ्या रचनेची पेटंटं विकत घेतली, डेव्ह वीगल नावाच्या डिझायनरने डीडब्ल्यू लिंक ही आपली रचना काढली, आणि सस्पेन्शनमध्ये जेवढी डोकी त्या काळात चालली तेवढी क्वचितच चालली असतील. मग वीगलने पण पुढे जायंट कंपनीवर केस केली म्हणा. म्हणजे वकील सगळ्यांकडेच आहेत, मोठ्यांच्या वकिलांचा आवाज मोठा एवढंच.

बरं पेटंट वगैरे वाचून चिडणारे लोक कमी. रोजचा राग येतो तो मापांवरून. ज्यांनी दहा-पंधरा वर्षं एमटीबी चालवलीय त्यांच्यासमोर नुसतं बूस्ट म्हणा आणि गंमत बघा. मागच्या हबची रुंदी आधी १३५ मिलिमीटर होती, मग १४२ आली. मग २०१४ मध्ये ट्रेक आणि पार्ट बनवणाऱ्या स्रॅमने मिळून १४८ आणली, तेच हे बूस्ट, कारण काय तर २९ इंची मोठ्या चाकाच्या तारा जास्त लांब पडतात, हब रुंद केला तर चाक डगमगत नाही. कारण खोटं नाही हो, इंजिनिअरिंग बरोबर आहे. पण ६ मिलिमीटर! दोन्ही बाजूंना तीन-तीन. आणि त्यापायी घरातली चांगली चाकं नव्या फ्रेमला बसत नाहीत. पुढच्या चाकाला तर कहरच, १५ मिलिमीटर जाडीचा एक्सल १०० रुंदीत होता तो ११० केला, आणि डाउनहिलवाल्यांकडे २० चा एक्सल ११० रुंदीत कधीपासून होताच, तोच का नाही घेतला याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी सरळ दिलेलं नाही. त्याच काळात चाकंही २६ वरून २९, मग मधेच साडेसत्तावीस, जायंटने तर ठणकावून सांगितलं होतं की आता साडेसत्तावीसच, आणि नंतर ते पण गुपचूप २९ वर आले.

मी हाताने बांधून घेतलेली चाकांची एक जोडी अशीच गॅरेजमध्ये खुंटीला आहे, नवरा दर दिवाळीच्या साफसफाईत विचारतो हे ठेवायचंय का. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या बाबतीत सगळे सारखेच.

आणि मग खास आमचंच असं माप. स्पेशलाइज्डची जुनी फुल सस्पेन्शन सायकल घेतलीत तर कितीतरी मॉडेलमध्ये मागचा शॉक त्यांच्याच खास जोडणीचा, बाजारातला दुसरा शॉक सरळ बसत नाही. त्यांचा तो ब्रेन नावाचा शॉक, आत एक वजन असतं, रस्ता गुळगुळीत असला की झडप बंद, खालून धक्का आला की उघडते, रेसवाल्यांसाठी भारी कल्पना, २००३ च्या एपिक मॉडेलपासून बरीच वर्षं होता. पण बिघडला की कोपऱ्यावरचा मेकॅनिक हात लावत नाही. सेकंडहँड घेणाऱ्याला याचा खरा ताप, कारण पहिल्या मालकाने मिरवून झालेलं असतं आणि खर्च दुसऱ्याच्या गळ्यात. प्रेस फिट बॉटम ब्रॅकेट (पेडलची क्रँक ज्यावर फिरते ती बेअरिंग आट्यांशिवाय फ्रेममध्ये नुसती दाबून बसवायची) हा तर स्वतंत्र रडारडीचा विषय आहे, सगळ्याच मोठ्या ब्रँडनी केला, फ्रेममध्ये आटे पाडायचा खर्च वाचतो आणि फ्रेम हलकी होते, आणि मग आपण चढावर दर पेडलला टक टक टक ऐकत जायचं.

पण इथेच एक गोष्ट लोक सांगत नाहीत म्हणून मी सांगते. २०१९ ची स्टम्पजंपर आली तेव्हा त्यात आटेवाला बॉटम ब्रॅकेट परत आला आणि शॉकही साध्या बाजारी मापाचा आला. लोक वर्षानुवर्षं बोंबलले आणि कंपनीने ऐकलं. स्रॅमने पण २०१९ मध्ये तो सगळ्यांना चालणारा डिरेल्युअर हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) काढला, यूडीएच, आणि मोठ्या ब्रँडनी तो उचलला म्हणूनच पसरला, नाहीतर आधी दर मॉडेलला वेगळा हँगर, तुटला की जगात फक्त एका ठिकाणी मिळणार. म्हणजे मोठेपणाचा उपयोग असाही होतो. आता लगेच माझ्यावर फॅनगर्लचा शिक्का मारू नका, २०२४ च्या शेवटी स्टम्पजंपर १५ आली तेव्हा कार्बन फ्रेममध्ये गिअरची केबल घालायला जागाच ठेवली नाही, वायरलेस गिअरच लावा म्हणे. सगळ्यात वरचं मॉडेल बारा हजार डॉलरच्या आसपास आणि वर बॅटरी चार्ज करायची आठवण पण ठेवायची. नवा शॉक मात्र त्यात साध्या मापाचा आहे, पाहिजे तर बदला. एका हाताने देतात आणि दुसऱ्याने घेतात, असं चाललेलं असतं.

मग लोक घेतात का? तर घेतात कारण सायकली खरोखर चांगल्या असतात, हे आधी मान्य करू. साइझ नीट असते, भूमिती विचार करून काढलेली असते, फ्रेमला पहिल्या मालकासाठी आयुष्यभराची वॉरंटी (ट्रेक पण देते, सँटा क्रूझ तर बेअरिंग पण फुकट पाठवते). छोट्या कंपनीची फ्रेम कितीही सुंदर असली तरी चार वर्षांनी ती कंपनी असेल का हा प्रश्न असतो, आणि गेल्या काही वर्षांत तो नुसता थिअरीतला राहिलेला नाही.

बाई म्हणून माझं एक जास्तीचं कारण आहे. मी सुरुवात केली तेव्हा बायकांची सायकल म्हणजे पुरुषांचीच छोटी करून तिच्यावर फुलं काढलेली, पार्ट एक पायरी खालचे आणि किंमत तीच. आणि सीट! सीटबद्दल कुणी बोलायचंच नाही, सहन करायचं. स्पेशलाइज्डने डॉक्टरांना बरोबर घेऊन सीटवर काम केलं, मधे कट दिलेल्या बॉडी जॉमेट्री सीट, मग बायकांसाठी मिमिक, आणि दुकानात बसून हाडांचं माप घेऊन सीट देणं. हे छोटी कंपनी करू शकत नाही, त्याला पैसा आणि माणसं लागतात. मधल्या काळात त्यांनी रेट्यूल नावाची फिटिंगची कंपनी विकत घेतली, हजारो लोकांची मापं जमा झाली आणि त्यावरून ठरवलं की बायकांची वेगळी भूमिती असं काही लागत नाही, फ्रेम एकच ठेवा, सीट, हँडल, क्रँक बदला. जायंटचा बायकांसाठीचा ब्रँड लिव्ह नेमकं उलटं सांगतो, नाही, वेगळी फ्रेमच हवी. माझी उंची पाच फूट दोन, मी दोन्ही चालवून बघितल्यात, मला फ्रेमपेक्षा सीट आणि शॉकमधल्या हवेने जास्त फरक पडला. पण आमच्यातली एक मैत्रीण लिव्हशिवाय दुसऱ्या कशावर बसत नाही, आणि ती माझ्यापेक्षा खूप फास्ट आहे, त्यामुळे मी गप्प.

आणि दुकान. खरं सांगायचं तर लोक कंपनीवर प्रेम करतात असं म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा कुठल्यातरी दुकानातल्या मेकॅनिकवर प्रेम करत असतात. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तुटलेली सायकल घेऊन गेलं आणि त्याने उद्या सकाळपर्यंत देतो म्हटलं की पुढची सायकल तिथूनच घेतली जाते, मग वर एस असो की टी. राग करतात तो मात्र कंपनीतल्या अशा लोकांचा ज्यांना आपण कधी भेटत नाही, वकील, माप ठरवणारे, किंमत ठरवणारे. म्हणूनच एकच माणूस एकाच वाक्यात त्याच कंपनीला शिव्या घालतो आणि तिचीच सायकल घेतो, आणि त्यात त्याला काही चुकीचं वाटत नाही.

आणि म्हणूनच मोठ्या कंपन्या जेव्हा त्या दुकानाशीच खेळ करतात तेव्हा मला खरा राग येतो, बूस्टपेक्षा शंभरपट. आमच्या इथे नॉर्दर्न कॅलिफोर्नियात माइक्स बाइक्स म्हणून दुकानांची मोठी साखळी, वर्षानुवर्षं स्पेशलाइज्डच्या मोठ्या डीलरपैकी एक. २०२१ च्या शेवटी ती पॉन नावाच्या डच ग्रुपने विकत घेतली, सँटा क्रूझ त्यांचीच आणि तेव्हा कॅननडेलही त्यांच्याकडे येत होती. लगेच स्पेशलाइज्डने माल बंद केला. धंद्याच्या हिशोबाने समजू शकतं, शत्रूच्या दुकानात कोण माल ठेवेल. पण काउंटरवरच्या पोराला काय, कालपर्यंत तो एसचे फायदे सांगत होता आणि वॉरंटीसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाला आता दुसरीकडे जा सांगायचं. ट्रेक तर त्या काळात स्वतःच दुकानं विकत घेत सुटली होती. आणि २०२२ मध्ये स्पेशलाइज्डने घरपोच सायकली द्यायला सुरुवात केली.

कोविडचं तर काय सांगू. २०२० ला सगळं जग सायकलवर बसलं, दुकानात हुक रिकामे, नाव नोंदवा आणि महिनोन् महिने थांबा, किंमत वर जातेय तरी थांबा. कंपन्यांनी ऑर्डरींवर ऑर्डरी दिल्या आणि माल पोचेपर्यंत लोक जिममध्ये परत गेले. २०२३ मध्ये गोडाऊन भरलेली, त्याच सायकली भल्यामोठ्या डिस्काउंटमध्ये, आणि ज्याने दीड वर्षापूर्वी रांगेत थांबून पूर्ण पैसे दिले त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्याच जानेवारीत स्पेशलाइज्डने आठ टक्के लोक कमी केले, त्याच्या आधी अँबॅसडरही काढून टाकले होते, म्हणजे जे लोक गावोगावी फुकटात किंवा थोडक्यात ब्रँडचं नाव चांगलं ठेवत होते तेच.

त्या लाटेत छोट्यांचे जास्त हाल झाले हे पण खरं. कोना ही सायकल कंपनी बघा, २०२२ मध्ये एका मोठ्या ग्रुपने घेतली, २०२४ च्या एप्रिलमध्ये मॉन्टेरीच्या सी ऑटर नावाच्या सायकल मेळ्यात त्यांचे लोक स्टॉल लावत होते तेवढ्यात वरून निरोप, आवरा आणि निघा. लावलेला स्टॉल परत गाडीत भरला. आणि मग मे महिन्यात ज्या दोघांनी ती कंपनी १९८८ मध्ये सुरू केली होती त्यांनीच ती परत विकत घेतली. आमच्या ग्रुपमध्ये त्या दिवशी कोना नसलेले लोक पण खूश होते.

आता थोडं कडू बोलते. आपण सगळे ६ मिलिमीटरवर एवढं बोलतो, पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने तैवानमध्ये बनलेल्या जायंटच्या मालाला सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून बंदरावरच अडवायचा आदेश काढला, परदेशातून आलेल्या कामगारांवर नोकरीसाठी कर्जाचा बोजा, रोखलेला पगार, जादा तास असे मुद्दे त्यात होते. कंपनीने आदेश उठवावा म्हणून अर्ज करणार असं सांगितलं. जायंट म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल बनवणाऱ्यांपैकी एक, वर्षानुवर्षं दुसऱ्या ब्रँडच्या पण सायकली बनवून देणारी, श्विन त्यांच्याकडूनच बनवून घ्यायची. आमच्या ग्रुपमध्ये त्यावर बोलणं झालं साधारण एक खजूर खाईपर्यंत, मग परत वायरलेस गिअर. मी पण त्यातच होते. आपल्यातल्या किती जणांच्या बहिणभावांनी आखातात एजंटला पैसे भरून नोकऱ्या केल्यात, कर्ज काढून परदेशी कामाला जाणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको, तरी.

बरं आता भाचा. तो कोथरूडला राहतो, रविवारी वेताळ टेकडी आणि कधीमधी सिंहगडाचा घाट, त्यापलीकडे अजून काही नाही. तिकडचा हिशोब पूर्ण वेगळा आहे हे इथे बसून विसरायला होतं. इथली मधली सायकल तिथे ड्यूटी लागून चैनीची वस्तू होते. पुण्यात मोठ्या ब्रँडचा राग करायला तो आधी परवडायला तरी पाहिजे, त्यामुळे तिथली भांडणं डेकॅथलॉनची रॉकरायडर घ्यावी की हीरोकडे गेलेली फायरफॉक्स, की जरा ताणून जायंट किंवा ट्रेक अशी असतात. आणि तिथला खरा प्रश्न पार्टचा. मी पुण्याला जायचं तिकीट काढलं की व्हॉट्सॅपवर याद्या सुरू होतात, ताई येताना ब्रेकपॅड आण, सीलंट आण (टायरमध्ये ओततात ते, विमानात नेण्यावरून घरात वेगळं भांडण), आणि अमुक मॉडेलचा हँगर, फोटो पाठवतो, नीट बघून आण, दोन भोकांमधलं अंतर मोजून घे. माझ्या बॅगेत चितळ्यांसाठी जागा येताना लागते, जाताना सगळा लोखंडी माल.

म्हणून त्याला मी ब्रँड सांगितलाच नाही. म्हटलं आधी घराजवळच्या तीन दुकानात जा, सायकल बघू नकोस, मागे काम करणाऱ्या माणसाशी बोल, याचा हँगर तुटला तर किती दिवसांत मिळेल विचार, आटेवाला बॉटम ब्रॅकेट आहे का विचार, पुढचा फोर्क उघडून सर्व्हिस करता येतो का की नुसता फेकायचा विचार. जो न चिडता उत्तर देईल त्याच्याकडे जे काही मिळतं ते घे. तर म्हणतो, आत्या, पण स्पेशलाइज्डचा रंग भारी आहे.

आहेच तो भारी, मी काय बोलणार. घे म्हटलं, फक्त हँगर पहिल्याच दिवशी दोन जास्तीचे घेऊन ठेव, मी डिसेंबरपर्यंत येत नाहीये.